‘आहे’च्या रकान्यात

तपासणीला गेलं की आधी चहा येतो. नको म्हटलं तरी येतो, आणि नको म्हणायची माझी कधी इच्छाही नव्हती, खोटं कशाला बोलू. पौडाहून सकाळी निघायचं, पिरंगुट, उरवडे मागे टाकून घाट ओलांडायचा आणि मुठ्यात उतरायचं, तोवर पोटात कावळे ओरडत असतात. मुठ्याच्या दवाखान्यात चहाबरोबर पोहेही यायचे, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. डॉक्टरीणबाई स्वतःच्या हाताने करायच्या. मी म्हणायचे, बघा, इतकी शिकलेली बाई, पण पाहुण्यासाठी चुलीपाशी जाते. त्या पोह्यांना इतका वेळ का लागतो, हा प्रश्न मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत पडला नाही.

मी तालुक्याच्या आरोग्य खात्यात सहायिका. म्हणजे लस टोचणाऱ्या बायांच्या वरची आणि डॉक्टरांच्या खालची. लोक मला बाई म्हणतात, डॉक्टर लोक सिस्टर म्हणतात, आणि माझा नवरा म्हणतो की मी घरातसुद्धा तपासणीच करत असते. वर्षातून एकदा तालुक्यातले खासगी दवाखाने बघायचे असतात. सोबत वैद्यकीय अधिकारी असतात, सही त्यांची. पण चार पानी फॉर्म माझ्या हातात. सुया तोडायचं यंत्र आहे की नाही. पिवळी पिशवी, लाल पिशवी. औषधांची मुदत. आग विझवायचा सिलिंडर. ऑक्सिजन. प्रत्येकापुढे दोन रकाने, ‘आहे’ आणि ‘नाही’. एकात बरोबरची खूण करायची आणि पुढे सरकायचं.

आदल्या दिवशी मी फोन करायचे. उद्या येतोय म्हणून. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण सगळे करतात. न सांगता गेलं आणि डॉक्टर लग्नाला गेलेले असले, तर अख्खा दिवस आणि सरकारी डिझेल फुकट. शिवाय, खरं सांगायचं तर, मला कुणाला पकडायचं नव्हतं. मुठ्याच्या खोऱ्यात आता शेतघरं झाली, शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, पण आजारी पडलेल्या माणसाला हात लावणारं एकच घर होतं, ते या डॉक्टर नवराबायकोचं. दोघंही सत्तरीला टेकलेली. दोन खोल्या, एक बाकडं, एक खाट. पावसात ओढा ओलांडून वाडीवर गेलेले डॉक्टर मी पाहिलेत. अशा माणसाचा दवाखाना पिशवीचा रंग चुकला म्हणून बंद करायचा का? मी डोळ्यांवर थोडं कातडं ओढायचे. थोडंसंच, असं मला वाटायचं.

आता त्या बाईविषयी सांगते, कारण हे सगळं तिच्याविषयी आहे.

मुठ्याच्या वर, डोंगराच्या माथ्यावर एक वाडी आहे. पंधरा-वीस घरं. माणसं खालच्या शेतांवर मजुरीला येतात, रानातला मध, हिरडा, करवंदं विकतात. वाडीला दोन वाटा. एक उत्तरेला पौडाकडे उतरते, दोन तासांची. दुसरी दक्षिणेला मुठ्यात, पाऊण तासाची. या वाडीतल्या एका बाईला दमा होता. तिशीची असेल, हाडकुळी, हसरी. भात झोडणीच्या दिवसांत तिचा दम हमखास उसळायचा. तूस हवेत उडायचं, आणि झोडणी सोडून घरी बसणं काही तिला परवडणारं नव्हतं. दम लागला की नवरा तिला पाठुंगळी घेऊन पौडाच्या वाटेने निघायचा. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावायचे, संध्याकाळी बरी होऊन ती चालत परत यायची. तीन-चार वर्षं हे चाललं होतं.

मीच तिला सांगितलं. गेल्या वर्षी वाडीवर लसीकरणाला गेले होते. ती लेकीला मांडीवर घेऊन बसली होती, श्वास शिट्टी वाजल्यासारखा. मी म्हटलं, “अगं, दोन तास कशाला मरत जातेस पौडाला? खाली मुठ्यात डॉक्टर आहेत की.”

“त्यांच्याकं नळी असती का वाऱ्याची?” तिने विचारलं. ऑक्सिजनला ती वारा म्हणायची.

“आहे ना. सिलिंडर आहे. मी स्वतः बघितलाय.”

“सोत्ता?”

“स्वतः. दर वर्षी बघते.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात कोयत्याला धार लावत होता. “ऐकलं का? बाईंनी सोत्ता बघितलाय,” ती म्हणाली. त्याने मान हलवली. त्या दिवशी माझ्या शब्दावर त्या घराची वाट बदलली. मी खूश होऊन खाली उतरले. आपण कुणाचे तरी दोन तास वाचवले, असं घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

यंदाची तपासणी दिवाळीनंतर लागली. शुक्रवार होता. नवे साहेब म्हणजे नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, माझ्या मुलाच्या वयाचे, हुशार आणि घाईत. आधी लांबचं मुठे, मग परतीच्या वाटेवर उरवडे, असा नेहमीचाच बेत. तो सगळ्यांना पाठ होता.

मुठ्यात सगळं जिथल्या तिथे होतं. पिशव्या नव्याकोऱ्या, सुया तोडायचं यंत्र पुसलेलं. ऑक्सिजनचा सिलिंडर खाटेच्या उशाशी उभा, काळ्या अंगाचा, पांढऱ्या गळ्याचा, कमरेइतका. त्याच्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि गळ्यात झेंडूची वाळकी माळ. दसऱ्याला आपण कोयता, विळा, गाडी सगळ्याची पूजा करतो, तशी यांनी ह्याचीही केली होती. मला हसू आलं. “अहो, नवस बोललात का ह्याला?” मी डॉक्टरांना म्हटलं. ते हसले, पण डोळ्यांनी नाही. ते मला आत्ता आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं. सिलिंडरला एका बाजूला पोचा होता, वाटीएवढा. मी ‘आहे’मध्ये खूण केली.

मग चहा आणि पोहे. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मागच्या पडवीत बसवलं. नेहमी तिथेच बसवतात, पडवीतून डोंगर दिसतो म्हणून. समोर सगळीकडे झोडणी चालली होती, भाताच्या पेंढ्या आपटल्याचे आवाज येत होते आणि उन्हात तुसाचा धुरळा तरंगत होता. पुढच्या अंगाला कुठलासा टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. गिरणीवाल्याचा असेल. साहेब दोनदा घड्याळ बघून म्हणाले, निघू या का. बाई म्हणाल्या, “अजून एकेक कप घ्या, साहेब. घाटात काही मिळत नाही.” आम्ही घेतला.

उरवड्याचा दवाखाना तरुण डॉक्टरांचा, दोघे मित्र मिळून चालवतात. कारखान्यातल्या कामगारांची गर्दी, बाहेर हिंदीत भांडणं, आत एसी. साहेबांना इथे बरं वाटलं. ते खुर्चीत बसून दोघांपैकी एका डॉक्टरशी कॉलेजच्या गप्पा मारू लागले आणि मी फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेले.

खाटेच्या उशाशी सिलिंडर उभा होता. काळं अंग, पांढरा गळा. हळदीकुंकवाची बोटं. झेंडूची वाळकी माळ. मी हात लावून बघितला, पोचा तिथेच होता.

मी खाटेवर बसले. आधी वाटलं, असेल दुसरा, दसरा काय एकाच घरी असतो का. पण पोचा तर एकाच घरचा असतो ना. मग टेम्पोचा आवाज आठवला. दुसरा कप आठवला. पडवी आठवली आणि तिथून दिसणारा डोंगर. किती वर्षं? मी मागे मागे जाऊन आठवू लागले आणि प्रत्येक वर्षी मला पोहेच दिसत होते.

उरवड्याचे दुसरे डॉक्टर दारात आले. माझं तोंड बघून त्यांना कळलंच. त्यांनी दार हळूच लोटलं आणि म्हणाले, “सिस्टर, मनावर घेऊ नका. सगळेच करतात. तो नक्की कुणाचा आहे हेही आता कुणाला आठवत नाही. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावात जाईल.”

“आणि पेशंट आला तर?”

“आम्ही सरळ पुण्याला पाठवतो. इथून पुणं काय लांब आहे? ऑक्सिजन लागेल असा पेशंट कुणी ठेवतच नाही.”

“मुठ्यातून लांब आहे,” मी म्हटलं.

 मी आणखी बोलायला हवं होतं. मी रागीट म्हणून तालुक्यात प्रसिद्ध आहे, उपकेंद्रात धूळ दिसली तरी माझा आवाज रस्त्यावर जातो.  त्या खोलीत मात्र मी हिशेब करत बसले. लिहिलं तर मुठ्याच्या म्हाताऱ्यांना नोटीस जाईल. ते म्हणतील, पुरे आता, आणि पुण्याला मुलाकडे निघून जातील. मग खोऱ्यात ताप आला तरी कुणी नाही. नाही लिहिलं तर निदान गोळी देणारं माणूस तरी राहील. आणि मला डोंगरावरची ती बाई आठवली का? आठवली. तिच्याकडे निरोप पाठवू, पौडाचीच वाट धर म्हणून सांगू, सोमवारी पाठवू, असं मी ठरवलं. सोमवारी. मग मी उरवड्याच्या फॉर्मवर, ऑक्सिजनपुढे, ‘आहे’मध्ये खूण केली. होताच की तो, माझ्यासमोर उभा होता. बाहेर येऊन चहासुद्धा घेतला. अशी वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मी कुणाला सांगितलेली नाहीत, नवऱ्यालासुद्धा नाही.

फोन उरवड्याच्या डॉक्टरांना आला. मुठ्याच्या कंपाउंडरचा होता. खोऱ्यात रेंज कधी असते कधी नसते, त्यामुळे तो ओरडून बोलत होता आणि ते मला बाहेरच्या खुर्चीवर ऐकू आलं. “त्यो परत धाडा. लगीच धाडा. वाडीवरची बाई आलीय, नवऱ्यानं पाठीवर आणलीय, निळी पडाया लागलीय.”

कुठली बाई, हे मला विचारावं लागलं नाही.

मी साहेबांना काय म्हणाले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की सिलिंडर मी स्वतः उचलायला गेले आणि तो उचलेना. ड्रायव्हर आणि डॉक्टरांनी मिळून आमच्या जीपमध्ये घातला. मी मागच्या सीटवर बसून त्याला दोन्ही गुडघ्यांत धरला, नाहीतर घाटात लोळला असता. साहेब पुढे बसले. त्यांनी एकशेआठला फोन लावला, गाडी आत्ता पिरंगुटच्या पलीकडून निघतेय असं उत्तर आलं. म्हणजे ती आमच्याही मागे होती.

शुक्रवारची दुपार. पुण्याच्या गाड्या खोऱ्यात उतरत होत्या, छपरावर बॅगा, खिडकीतून बाहेर काढलेले मोबाईल. घाटातल्या वळणावर दोघांनी गाडी अर्धी रस्त्यात लावून ठेवली होती आणि दरीकडे पाठ करून ते फोटो काढत होते. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही. मी खिडकीतून ओरडत होते. काय ओरडत होते देव जाणे, आयुष्यात मी असल्या शिव्या दिल्या नव्हत्या. एक बाई हसून म्हणाली, “काकू, रिलॅक्स.” मला खाली उतरून तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. साहेब मान वळवून म्हणाले, “सिस्टर, दम्याचा झटका आहे. इंजेक्शन दिलं असेल, मशीनची वाफ दिली असेल. एवढं काही होत नाही.” त्यांना धीर द्यायचा होता. मी त्यांना गप्प बसा म्हणाले. माझ्या साहेबांना मी गप्प बसा म्हणाले आणि ते बसले.

सगळा वेळ माझ्या मनात एकच चाललं होतं. आत्ता पोचू. अजून तीन वळणं. आत्ता. मी सिलिंडरला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. माझ्या पांढऱ्या साडीला हळद लागली आणि झेंडूचा चुरा मांडीवर पडत होता. देवाला मी फारशी मागणी करणारी बाई नाही. पण त्या घाटात मी म्हटलं, हिला वाचव, मी उद्या सगळं लिहून देते. उद्या म्हटलं. तिथेसुद्धा मी उद्याच म्हटलं.

दवाखान्याच्या दारात माणसं जमली होती, झोडणी टाकून आलेली, अंगावर तूस. ती बाजूला झाली. आत खाटेवर वाडीवरची बाई उशी पाठीशी घेऊन बसवलेली होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती, वाफेचं मशीन लावलं होतं, ते बाजूला अजून घरघरत होतं. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बांधलेला होता. मास्क दवाखान्यात होता, नळी होती, फक्त नळीच्या टोकाला लावायचं तेच नव्हतं. ते टोक तिच्या नवऱ्याच्या हातात होतं. खाटेशेजारी गुडघ्यांवर बसून तो नळीत तोंडाने फुंकत होता. गाल फुगवून फुंकायचा, तिच्याकडे बघायचा, पुन्हा फुंकायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कुणी थांबवतही नव्हतं. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

आम्ही सिलिंडर लावला. चावी साहेबांनी फिरवली. फुस्स असा आवाज आला. तो आवाज ऐकून नवऱ्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, “आला. आला गं. आला बघ वारा.”

वारा यायच्या आधीच ती गेली होती. किती आधी, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं आणि मला ते वीस मिनिटांशी ताडून बघावं लागलं असतं. साहेबांनी छाती दाबली, बराच वेळ दाबली. एकशेआठ आली, त्यांनीही पाहिलं. ऑक्सिजन चालूच होता, बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मीच चावी फिरवली.

परतताना घाटात साहेब म्हणाले, “सिस्टर, दमा जुना होता. फॉर्मशी याचा संबंध लावू नका.” वाईट माणूस नाहीत ते. उरवड्याच्या आतल्या खोलीत मी काय पाहिलं, हे तोवर त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी सांगितलं, सिलिंडर एकच आहे. वीस मिनिटांचं नाही सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी सुट्टी असून मी कार्यालयात गेले, नवे फॉर्म घेतले आणि मुठ्यापुढे ‘नाही’ लिहिलं, उरवड्यापुढे ‘नाही’ लिहिलं. साहेबांनी सही केली. बंद होईल सिस्टर, मग त्या खोऱ्याला कोण, असं विचारलं, पण केली. पण फॉर्म वर गेला की लगेच बंद होत नाही. आधी नोटीस निघते, त्रुटी दूर करा म्हणून. आणि नोटिशीत पुनर्तपासणीची तारीख असते. मी भांडले. “साहेब, तारीख घालू नका. न सांगता जाऊ. निदान या वेळी तरी.” त्यांनी छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. तारखेचा रकाना होता. तो कोरा ठेवला तर वरून परत येतो, असं कारकून म्हणाला. मी त्याच्यावरही ओरडले. त्या आठवड्यात मी सगळ्यांवर ओरडले. तारीख पडली, महिन्याभराने, गुरुवारची.

महिना संपत आला तेव्हा, रविवारी सकाळी मुठ्याच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता, इतका बारीक झाला होता. “सिस्टर, गुरुवारचं नक्की ना? मागेपुढे नाही ना होणार?”

“तुमचा सिलिंडर आला का?” मी विचारलं.

“तो जुना पुढच्या गावात गेला. नवा सांगून ठेवलाय. पुण्याचा माणूस म्हणतो, एका सिलिंडरसाठी घाट चढून गाडी पाठवता येत नाही, चार-पाच दवाखान्यांनी मिळून मागवा. आम्ही दोघं या वयात कुठे फिरणार?” थोडं थांबून ते म्हणाले, “नाहीच आला तर गुरुवारपुरतं काहीतरी बघतो.”

“गुरुवारपुरतं,” मी म्हटलं. मला ओरडायचं होतं. पलीकडे ते म्हातारे डॉक्टर रडत होते. “सिस्टर, मला ती रोज दिसते हो,” म्हणाले. मी फोन ठेवला. मला दिसत नाही असं त्यांना वाटलं की काय?

त्याच दिवशी दुपारी तिचा नवरा आमच्या घरी आला. पौडाच्या वाटेने डोंगर उतरून, विचारत विचारत. डोक्याचे केस अजून पुरते वाढले नव्हते. मी दारातच हात जोडले. मला वाटलं, आता हा विचारणार, सोत्ता बघितला म्हणाला व्हता ना? मला ते हवंही होतं. कुणीतरी मला विचारायला हवं होतं.

तो पायरीवर बसला. पाणी प्यायला. म्हणाला, “बाई, पोरीला बी तसंच व्हाया लागलंय. छातीत शिट्टी वाजती. आईगत.”

मी खाली बसले. “तिला पौडाला आणा. दम लागायची वाट बघू नका, उद्याच आणा, मी स्वतः दाखवते. आणि दम लागलाच तर मुठ्यात नेऊ नका. पौडाचीच वाट धरा.”

“पौडाची वाट दोन तासाची हाय,” तो शांतपणे म्हणाला. “आई पाठीवर धरून बसायची. पोर लहान हाय, तेवडा येळ न्हाई दम धरायची ती.”

“पण मुठ्यात ऑक्सिजन नाही, दादा. ऐका माझं. तिथे नाही.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरतेय. “असतुया की. तुमच्या गाडीतनं आणला न्हवं तुमी त्यादिशी? काळा. मी सोत्ता बघितला.” मग जरा पुढे सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, “तुमी तपासाया येता, त्या दिशी असतुया, व्हय ना? परत कवा येनार हाय तुमी मुठ्याला?”

मी त्याला पुन्हा पौडाची वाट सांगितली. सिलिंडर आमचा नाही, तो कुणाचाच नाही, तो फिरवतात, हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मला ऐकू गेलं नसेल म्हणून तेच मोठ्याने विचारलं. “तारीख सांगा की, बाई. त्या दिशी पोरीला सकाळपास्नं खाली आणून ठेवतो.”

“गुरुवारी,” मी म्हणाले.

त्याने बोटांवर दिवस मोजले. पुन्हा एकदा मोजून खात्री केली आणि उठला.

“चार दिस,” तो म्हणाला. “काढंल ती.”